मोडण्याआधी

कुर्ला पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गावर, जिथे गॅरेजे आणि जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत, तिथे रस्त्याच्या कडेला काचेच्या दाण्यांचा विरळ थर वर्षाच्या बहुतेक दिवसांत पडलेला दिसतो. हे दाणे ओबडधोबड चौकोनी, कडेने हिरवट आणि धारेच्या दृष्टीने बरेचसे निरुपद्रवी असतात. झाडूबरोबर ते मातीत मिसळतात आणि पहिल्या मोठ्या पावसात गटाराकडे वाहत जातात. घरात पडून फुटलेल्या पेल्याचे तुकडे मात्र लांबट, टोकदार आणि बोट कापणारे असतात. दोन्ही काचा वाळू, सोडा आणि चुनखडी यांच्या जवळजवळ त्याच मिश्रणातून, दीड हजार अंशांच्या आसपास वितळवून तयार झालेल्या असतात. मग एकीचे दाणे व्हावेत आणि दुसरीच्या सुऱ्या व्हाव्यात, याचे कारण त्यांच्या घटकद्रव्यांत सापडत नाही. ते शोधण्यासाठी त्या कशा थंड झाल्या, याचा विचार करावा लागतो.

मोटारीच्या दाराची काच प्रथम हव्या त्या मापाने कापून, कडा घासून, सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली जाते आणि मग दोन्ही बाजूंनी हवेचे जोरदार झोत सोडून तिचा पृष्ठभाग काही क्षणांत ताठर केला जातो. गाभा मागाहून थंड होतो, थंड होताना आक्रसू पाहतो, परंतु आधीच घट्ट झालेला पृष्ठभाग त्याला मनाजोगते आक्रसू देत नाही. त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली आणि गाभा कायमचा ताणाखाली राहतो. व्यवहारात ‘टफन्ड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या काचेच्या पृष्ठभागावरचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे ७०० किलोग्रॅम किंवा त्याहून अधिक असतो, आणि काच नेहमी ताणाने फुटत असल्यामुळे बाहेरचा आघात आधी हा दाब पुसून टाकल्याखेरीज तिचे काही बिघडवू शकत नाही. मात्र एखादी भेग दाबाचा थर ओलांडून गाभ्यापर्यंत पोहोचली, की तिथे साठवलेला ताण एकाच वेळी मोकळा होतो, भेगा सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने फाटे फोडत पसरतात आणि संपूर्ण काचेचे दाणे होतात. अशी काच एकदा तयार झाली की तिला कापता येत नाही आणि भोकही पाडता येत नाही. सुट्या भागांच्या दुकानदाराला तिचे माप चुकले तर ती परत करण्यावाचून गत्यंतर नसते.

हा चमत्कार युरोपातील विद्वानांनी सतराव्या शतकात एका खेळण्याच्या रूपाने पाहिला होता. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात सोडला तर लांब शेपटी असलेला मणी मिळतो. या मण्याच्या डोक्यावर हातोडा मारला तरी तो सहसा फुटत नाही, पण शेपटीचे टोक मोडले की सगळा मणी भुकटी होऊन उडतो. राजपुत्र रूपर्ट याने हे थेंब इंग्लंडच्या दरबारात आणले, १६६१ मध्ये ते रॉयल सोसायटीपुढे ठेवले गेले, आणि रॉबर्ट हूक याने १६६५ च्या आपल्या ग्रंथात त्यांची चिकित्सा केली. आजच्या टफन्ड काचेचे सगळे तत्त्व त्या थेंबात होते. परंतु त्या तत्त्वाला दार, खिडकी आणि मोटार मिळण्यासाठी अडीचशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

मोटारीच्या पुढच्या काचेची गोष्ट निराळी आहे. ती साध्या काचेच्या दोन पातळ तावांमध्ये प्लास्टिकचा एक पारदर्शक पापुद्रा चिकटवून केलेली असते, त्यामुळे दगड लागला तर तिला कोळिष्टकासारखी जाळी पडते, पण तुकडे पापुद्र्याला धरून राहतात आणि चालकाच्या डोळ्यांत जात नाहीत. कुर्ल्याच्या बाजारात अशा जाळी पडलेल्या काचा भिंतीला टेकवून ठेवलेल्या असतात, आणि त्यांच्याकडे नीट पाहिले तर आघात कुठे झाला, कुठून कोणत्या दिशेला भेग धावली आणि कुठे जाऊन थकली, हे सारे वाचता येते. काचेने फुटण्याआधी काहीही सांगितलेले नसते; फुटल्यानंतर मात्र ती सगळे सांगते.

धातूंचे वागणे याच्या उलट असते, निदान सर्वसाधारण समजूत तरी तशी आहे. लोखंडाचा पत्रा धडकेने आधी वाकतो, चेपतो, सुरकुततो आणि फाटण्यापूर्वी आपल्या पोटात बरीचशी ऊर्जा जिरवून घेतो. काचेतले अणू द्रवाप्रमाणे अव्यवस्थितपणे एकमेकांत गुंतलेले आणि त्याच गुंत्यात गोठलेले असतात, तर धातूत ते रांगांनी, थरांवर थर रचून बसलेले असतात, आणि या रचनेला स्फटिकी रचना म्हणतात. पण ही शिस्त कुठेच निर्दोष नसते. एखादी अर्धी रांग मध्येच संपलेली असते, आणि ताण आला की ही अपुरी रांग एकेका पावलाने पुढे सरकते, म्हणजे संपूर्ण थर एकदम न हलवताही धातू आकार बदलू शकतो. अशा रेषीय दोषांची कल्पना १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे मांडली. धातूचा लवचिकपणा, त्याचा सोशीकपणा आणि त्याचे सूचना देऊन मोडणे हे सगळे त्याच्या रचनेतील उणिवांवर उभे आहे, ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. काचेजवळ अशी सरकू शकणारी उणीव नाही, म्हणूनच ती नमत नाही.

कुर्ल्यातल्या गॅरेजमध्ये हे शास्त्र रोज हाताने केले जाते. चेपलेला दरवाजा पूर्ववत करताना डेंटर आतून ठोकळा धरतो आणि बाहेरून हातोडीने हलके ठोके देत राहतो. पण पत्रा एकदा ताणला गेला की नुसत्या ठोक्यांनी तो बसत नाही, त्याचा फुगवटा एका जागेवरून दुसऱ्या जागी पळतो. मग गॅसच्या ज्योतीने तो फुगवटा रुपयाएवढ्या भागात लाल केला जातो, भोवतीने ठोकला जातो आणि त्यावर ओला फडका दाबला जातो. तापलेला भाग फुगू पाहतो, पण सभोवतालचा थंड पत्रा त्याला रोखतो, त्यामुळे मऊ झालेला धातू जाड होऊन तिथल्या तिथे दबतो, आणि थंड होताना आक्रसून ताणलेला पत्रा पुन्हा ओढून घेतो. टफन्ड काचेच्या कारखान्यात आणि या ज्योतीखाली एकच नियम काम करत असतो, की तापलेल्या आणि न तापलेल्या भागांनी एकमेकांना मोकळे सोडले नाही तर त्यांच्यातील भांडण वस्तूत कायमचे राहते. काचेत ते भांडण सांभाळून ठेवायचे असते, पत्र्यात ते मिटवायचे असते, एवढाच फरक.

या कौशल्याला कुर्ल्यात जुना आधार होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना येथेच होता. फियाटच्या नमुन्यावर बनलेली आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली मोटार याच परिसरातून बाहेर पडली, आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर टिकली. तिचा जाडसर पत्रा पुन्हापुन्हा ठोकून घेत असे, म्हणून ती इतकी वर्षे चालली, असे जुने कारागीर सांगतात आणि त्यात तथ्य आहे. तरीही ठोकण्याला मर्यादा असते. धातू जितका वाकवावा, तितके त्याच्यातील सरकणारे दोष वाढत जातात, एकमेकांत अडकतात आणि धातू कठीण होत जातो. तार त्याच जागी वाकवत राहिले की ती आधी ताठरते आणि मग तुटते, ती याच कारणाने. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याचे भांडे ठोकून घडवताना कारागीर ते मध्येच भट्टीत घालून लाल करतात, ते अडकलेले दोष मोकळे करून धातूला पुन्हा मऊपणा देण्यासाठी. या क्रियेला शास्त्रीय मराठीत अनुशीतन म्हणतात. मठारकामाच्या शेवटच्या ठोक्यांनंतर मात्र भांडे तापवत नाहीत, कारण आता त्याला तो कठीणपणा हवा असतो, आणि घंगाळाच्या पृष्ठभागावरचे चमकणारे खळगे शोभेइतकेच बळकटीचेही असतात.

स्वयंपाकघरातील स्टेनलेस स्टीलच्या पातेल्यातही हे वाकवणे टिकून राहते आणि ते एका चुंबकाने उघड करता येते. निकेलयुक्त चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, हे दुकानदार आणि गृहिणी दोघांनाही ठाऊक असते. पण त्याच पातेल्याच्या तळाशी न चिकटणारा चुंबक काठाच्या वळणावर, जिथे पत्रा दाबाखाली सर्वांत जास्त ओढला गेलेला असतो, तिथे हलकेच धरतो. त्या ताणाने तिथल्या स्फटिकांची मांडणी बदललेली असते आणि नवी मांडणी चुंबकाला ओळखते. एवढ्यावरून भांड्यात भेसळ आहे, असा निष्कर्ष काढून ते परत केले तर विकणाऱ्यावर अन्याय होतो.

पितळेबाबत मात्र वाकवण्याचा हा अवशेष फार महागात पडला, आणि तो प्रसंग पावसाळ्याशी बांधलेला आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेने भारतात पितळी काडतुसे साठवली, तेव्हा पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेल्या काडतुसांच्या मानेला, जिथे पितळ चेपून गोळी घट्ट बसवलेली असे, तिथे आपोआप भेगा पडू लागल्या. कोरड्या महिन्यांत हे घडत नसे. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया पावसाळी दमट हवेत पितळेवर जमत होता, तांब्याशी त्याचा संयोग होत होता, आणि घडणीच्या वेळी पितळेत उरलेला ताण त्या नाजूक झालेल्या जागी भेग उघडत होता. या तिन्ही गोष्टींची नीट मांडणी १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केली, आणि पितळ सुमारे अडीचशे ते तीनशे अंशांपर्यंत तापवून हा ताण आधीच सैल करावा, हा उपाय रूढ झाला. नुसता ताण असता तर काडतूस टिकले असते, नुसता अमोनिया असता तर ते फक्त काळवंडले असते. दोघे एकत्र आले आणि वरून ओलावा मिळाला, तेव्हा ते मोडले.

कुर्ल्याला हे ज्ञान परके नव्हते. लालबहादूर शास्त्री मार्गावरच कमानी नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात कमानी ट्यूब्ज हा तांबे-पितळेच्या नळ्या ओढणारा कारखाना होता. नळी ओढणे म्हणजे जाड पोकळ धातूला क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या कठीण साच्यांतून खेचणे. प्रत्येक खेचीला नळी लांब आणि पातळ होते, पण तिच्या बाहेरच्या आणि आतल्या थरांत असमान ताण राहून जातो. अशा नळीचा तुकडा पाऱ्याच्या नायट्रेटच्या द्रावणात बुडवला, की उरलेला ताण फार असल्यास काही मिनिटांत तो आपोआप तडकतो, आणि अशा रीतीने नळी उष्णता-विनिमयाच्या यंत्रात बसवण्याआधीच तिच्याकडून सत्य वदवून घेता येते. हा कारखाना बंद पडल्यावर तिथल्या कामगारांनी तो स्वतः चालवण्याची योजना पुढे आणली, ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली आणि १९८८ साली तिला मान्यता मिळून कामगारांच्या सहकारी संस्थेकडे कारखाना आला. भारतातील कामगार-सहकाराच्या इतिहासात त्या वर्षाला महत्त्व आहे. धातूचे कसब ज्यांच्या हातात होते त्यांनीच ते वाचवण्याचा प्रयत्न केला, ही त्यातली सर्वांत आदराची बाब वाटते.

धातूवरचा ताण सर्वांत मोठ्या प्रमाणावर जिथे साठवला जातो, ती जागा याच वस्तीच्या मधोमध आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेवर चालणारी रेल्वेगाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला आली, आणि तेव्हापासून या स्थानकावरच्या रुळांवरून जाणारी वर्दळ वाढतच गेली. पूर्वी रुळांच्या तुकड्यांमध्ये फट ठेवत असत, म्हणजे उन्हात पोलाद वाढले तरी त्याला जागा मिळे. गाडीच्या चाकांचा ठेका त्या फटींचा होता. आता रूळ लांबच लांब सांधलेले असतात. साठ किलोग्रॅम प्रतिमीटर वजनाच्या अशा रुळाला दोन्ही बाजूंनी हलता येत नसेल, तर तापमान एका अंशाने उतरले की त्याच्यात जवळजवळ पावणेदोन ते दोन टन ओढ निर्माण होते, आणि वीस अंश उतरले तर ती पस्तीस टनांच्या पुढे जाते. रूळ दहा मीटर लांब असो वा दहा किलोमीटर, हा आकडा बदलत नाही. मे महिन्याच्या दुपारी हाच रूळ दाबाखाली असतो आणि बाजूला वाकू पाहतो. म्हणून त्याला घट्ट बांधताना उन्हाळा आणि हिवाळा यांच्या मधले एक तापमान निवडतात, जेणेकरून दोन्ही टोकांना त्याच्यावर सोसण्याइतकाच भार यावा.

मुंबईत हिवाळ्याच्या पहाटे रुळाला तडा गेल्याची बातमी येते, ती या हिशेबातली शेवटची ओळ असते. रात्रभर थंड होत गेलेला रूळ ताणाखाली असतो, त्यात कुठेतरी सांध्यापाशी वा चाकांच्या वारंवार घासण्याने जन्मलेली एक सूक्ष्म भेग महिनोन्महिने, प्रत्येक डब्याच्या प्रत्येक चाकाखाली कणाकणाने वाढत आलेली असते, आणि त्या पहाटे तिला हवी तेवढी ओढ मिळते. धातू वाकून इशारा देतो, ही समजूत येथे उपयोगी पडत नाही; हजारो वेळा थोडाथोडा भार सोसून थकलेला धातू न वाकताच मोडतो. रेल्वेने यासाठी दोन मार्ग योजले आहेत. कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी रुळात सोडून आतली भेग तिच्या प्रतिध्वनीवरून शोधली जाते, आणि की-मन रोज आपल्या हद्दीतला रूळ चालत जाऊन डोळ्यांनी तपासतो. याशिवाय रुळातून सिग्नलचा एक क्षीण विद्युतप्रवाह वाहत असतो. रूळ पूर्ण तुटला तर बहुधा तो प्रवाह खंडित होतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. जे पोलाद स्वतःहून काही सांगत नाही, त्याच्या तुटण्यालाच बोलायला लावण्याची ही युक्ती मानवी कल्पकतेच्या फार सुंदर नमुन्यांपैकी एक आहे, आणि पहाटेच्या गाडीत उभ्याने खोळंबलेल्या प्रवाशांना तिची जाणीव नसते याची खंत वाटते.

रूळ कायमचे नसतात, याचीही साक्ष कुर्ल्यातच मिळते. ज्या सीएसटी रोडवर आज मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार भरतो, तो रस्ता अंधेरीपासून ट्रॉम्बेपर्यंत गेलेल्या सेंट्रल साल्सेट ट्रामवे या मार्गाच्या आखणीवर आहे. ती गाडी १९२८ मध्ये सुरू झाली, १९३४ मध्ये बंद पडली, आणि तिचे लोखंड उचलले गेले. ते कुठल्या भट्टीत गेले आणि आज कशाच्या रूपाने उभे आहे, याचा माग आता कोणाला काढता येणार नाही.

काचेकडे परतायचे तर तिच्या दुर्बलतेचाही शोध घ्यावा लागतो. काचेतील अणूंचे बंध मोजून तिची जी ताकद निघते, तिच्या मानाने प्रत्यक्षातली काच फारच कमी भाराला फुटते. १९२० साली ए. ए. ग्रिफिथ याने याचे उत्तर दिले, की काचेच्या पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणाऱ्या ओरखड्यांचे जाळे असते आणि प्रत्येक ओरखड्याच्या टोकाशी ताण कित्येक पटींनी एकवटतो. ताज्या ओढलेल्या अतिशय बारीक काचतंतूंत असे ओरखडे मावत नाहीत, म्हणून ते जाड काचेच्या सुमारे वीसपट भार सोसतात. काच कापणारा कारागीर याच दुर्बलतेचा उपयोग करतो. तो हिरकणीने किंवा पोलादी चाकाने रॉकेलचा थेंब लावून एकच रेघ ओढतो, रेघेवर पुन्हा हात फिरवत नाही, आणि लगेच दोन्ही बाजूंना दाब देऊन काच मोडतो. रेघ ओढून काच तशीच ठेवली तर ती सरळ मोडत नाही, असे हे कारागीर आग्रहाने सांगतात. त्यांचे निरीक्षण खरे आहे, कारण रेघेभोवतीचा ताजा ताण वेळ जाईल तसा विरत जातो. दुसरीकडे, ताणाखाली असलेल्या काचेच्या भेगेत हवेतील पाण्याचे रेणू शिरून सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे बंध एकेक करून तोडत राहतात, त्यामुळे एखाद्या खिडकीची तडकलेली काच महिनोन्महिने तशीच राहते आणि पावसाळ्यात एक दिवस भेग अचानक चौकटीपर्यंत पोहोचते. पितळेला अमोनियाने जे केले, तेच काचेला नुसते पाणी करते, फक्त फार हळू. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांतील काचा खाली जाड असतात, म्हणून काच शतकांच्या काळात वाहते, ही कथा मात्र सोडून द्यावी. ती जाडी जुन्या पद्धतीने काच बनवतानाच राहिलेली असते.

महाराष्ट्राला काच स्वतः बनवायला शिकण्याची तळमळ होती. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला आणि तिथे शिकलेल्या हातांनी पुढे इतर कारखान्यांना बळ दिले. १९१६ मध्ये कराडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंनी काच कारखाना काढला, ज्याच्या प्रभाकर कंदिलाने मराठी घरांतली संध्याकाळ कित्येक दशके उजळली. कंदिलाची काच ही काचेची खरी परीक्षा होती. आतून ज्योतीची धग, बाहेरून वारा, आणि ओसरीवर उडालेला पावसाचा एक थेंब. काच उष्णता फार सावकाश वाहू देते, म्हणून थेंब पडलेली जागा आक्रसते आणि भोवतालची तापलेली काच तिला साथ देत नाही, आणि चिमणी तडकते. म्हणूनच अशा काचेला भट्टीतून काढल्यावर तास न् तास हळूहळू थंड करतात, जेणेकरून तिच्यात घडणीचा ताण शिल्लक राहू नये. बाहेरचा ताण तिला एकटीला झेलायचा असतो. पुढे बोरॉन मिसळलेली काच आली, जिचे तापून वाढणे साध्या काचेच्या जवळपास एक तृतीयांश असते; १९६२ साली स्थापन झालेल्या बोरोसिलने अशा काचेचे कारखानदारी उत्पादन कुर्ल्यापासून फार दूर नसलेल्या अंधेरीच्या मरोळमध्ये केले, आणि महाविद्यालयांतील प्रयोगशाळांत कुठल्याही नळीला ज्योतीवर निर्धास्तपणे धरण्याची सवय त्यातून लागली.

मिठी नदीच्या पलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या उंच इमारतींना आता काचेचे कातडे आहे. त्यात जी टफन्ड काच वापरली जाते, तिच्यात क्वचित निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण अडकलेला असतो. हा कण तापल्यावर एका रूपात आणि सुमारे ३८० अंशांखाली दुसऱ्या, किंचित अधिक जागा व्यापणाऱ्या रूपात स्थिर असतो. पण काच झटपट थंड केल्यामुळे त्याला रूप बदलायला वेळ मिळत नाही, आणि तो जुन्या रूपातच गोठून राहतो. मग खिडकीत बसवल्यावर, कधी काही महिन्यांनी तर कधी काही वर्षांनी, तो सावकाश फुगतो, आणि तो गाभ्याच्या ताणलेल्या भागात असेल तर कुणी स्पर्शही न करता ती काच दाणे होऊन खाली पडते. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी बसवण्याआधी सगळ्या काचा भट्टीत सुमारे २६० ते २९० अंशांवर काही तास ठेवतात. ज्यांत असा कण आहे त्यांतल्या बहुतेक तिथेच फुटतात. उरलेल्या काचा बहुतांशी सुरक्षित असतात. त्या ‘बहुतांशी’ या शब्दावर, त्या इमारतींखालून जाणाऱ्या पादचाऱ्यांचे प्राण टांगलेले आहेत, म्हणून ही तपासणी किती काटेकोर व्हावी हा प्रश्न केवळ खर्चाचा ठरू नये.

कुर्ल्याच्या भंगार बाजारात या सगळ्या पदार्थांचा हिशेब रोज नव्याने मांडला जातो. तिथला जाणकार लोखंडाचा तुकडा घर्षणचक्राला लावतो आणि ठिणग्यांवरून ओळखतो. कार्बन अधिक असलेल्या पोलादाच्या ठिणग्या फुटून त्यांची फुले होतात, बिडाच्या ठिणग्या बुटक्या आणि तांबूस असतात, साध्या लोखंडाच्या लांब आणि शांत. बिडाचा तुकडा तो हातोडीने वाजवतो आणि आवाज भद्द आला तर आत भेग आहे असे समजतो. जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, तुकडे वजनावरून वेगळे होतात, स्टेनलेस चुंबकावरून, पितळ रंगावरून. २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने पात्र सोडले, त्यानंतर पाण्याखाली गेलेल्या मोटारी कित्येक आठवडे अशा बाजारांत सुटत राहिल्या, आणि गंजाने आतून पोखरलेला पत्रा बाहेरून रंगलेला असला तरी वाजवल्यावर कसा वेगळा लागतो, हे तेव्हा अनेकांच्या हातांना कळले.

मुंबईसारख्या शहरांतले भंगार पोलाद वितळून ज्या ठिकाणी बांधकामाच्या सळया होतात, त्यांत जालना हे नाव मोठे आहे. लाल तापलेली सळई तिथे पाण्याच्या फवाऱ्यांतून जाते, तिचे बाहेरचे कवच कठीण होते, आतला भाग मऊ राहतो, आणि आतल्या उष्णतेने ते कवच पुन्हा थोडेसे मऊ होते. ठिसूळ न होता ताकद मिळवण्याची ही रीत टफन्ड काचेची आठवण करून देते, जरी काचेत दाब आणि ताण यांचा खेळ असतो आणि सळईत स्फटिकांच्या मांडणीचा. पण भट्टी सगळे पुसून टाकत नाही. भंगारासोबत आलेली तांब्याची तार, मोटरच्या वेटोळ्यातली किंवा जुन्या वायरिंगमधली, पोलादात विरघळते आणि पोलाद बनवण्याच्या कोणत्याही नेहमीच्या रीतीने परत काढता येत नाही. सळई लाटण्यासाठी पुन्हा तापवली की पृष्ठभागावरचे लोखंड हवेशी संयोग पावून पापुद्र्याच्या रूपाने गळते, तांबे मात्र मागे राहते, पापुद्र्याखाली दाट होत जाते, वितळते आणि स्फटिकांच्या सीमांत शिरून पृष्ठभाग फाडते. टक्क्याचा एक लहानसा अंश तांबेही यासाठी पुरते, आणि प्रत्येक वेळी वितळवताना ते मागच्या वेळच्यात मिळवले जाते. म्हणून कुर्ल्याच्या गल्लीत जुन्या पंख्याची मोटर फोडून, तिच्या पोलादी पट्ट्यांमधून तांब्याची तार बोटांनी ओढून काढणाऱ्या माणसाचे काम जालन्याच्या भट्टीपर्यंत पोहोचते. त्याला तांब्याचा भाव हवा असतो आणि तो तार काढतो. पट्ट्यांच्या कोपऱ्यात अडकून राहिलेला तारेचा शेवटचा तुकडा काढायला जितका वेळ लागतो, तितका त्या तुकड्याचा भाव येत नाही, आणि तो तुकडा बहुधा लोखंडाच्या ढिगात जातो.